हातानं कालवलेला शेंदूर

माझ्या दादाचा उजवा हात गेला. तुटला नाही, कापला नाही, जागच्या जागी होता, पण गेला. तो कसा गेला हे विचारणारं आता कुणी उरलेलं नाही, आणि ज्यांना माहीत होतं त्यांनी तेव्हाच तोंडाला कुलूप लावलं होतं. म्हणून मी लिहिते आहे. राग येतो म्हणून लिहिते आहे, हेही सांगून टाकते. लोक म्हणतात, इतकी वर्षं झाली, आता सोडून द्या. का म्हणून सोडू?

दादा माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा. आई-वडील लवकर गेले, त्यानंच मला वाढवलं. आम्ही मूळचे मिरजेकडचे. तिथं तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. अक्षर असं काढायचा की गिऱ्हाईक पाटी बघायलाच आधी थांबायचं. पुढं युद्धाच्या काळात एका ठेकेदाराबरोबर पूल रंगवायला म्हणून मद्रासला आला आणि इथंच राहिला. उत्तर मद्रासेत समुद्राच्या बाजूला एक कारखाना होता. पुलांचे लोखंडी सांगाडे आणि पाण्याच्या मोठ्या टाक्या तिथं बनायच्या. दादा तिथल्या रंगाच्या शेडचा मिस्त्री झाला. हाताखाली बारा माणसं, बाराही तमिळ.

मी मिरजेला नर्सिंग शिकले. माझं लग्न जमत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर जमावं म्हणून मी काही देव पाण्यात घालून बसले नव्हते. दादानं पत्र पाठवलं की कारखान्याच्या दवाखान्यात नर्सची जागा आहे, ये. मी ट्रंक उचलली आणि आले. हे पन्नासच्या दशकाच्या अखेरीचं. वॉशरमनपेटला दोन खोल्यांत दादा, वहिनी आणि मी. सकाळी दादा आणि मी बरोबरच बसनं कामाला जायचो. गेटातून आत गेलं की तो डावीकडं शेडमध्ये, मी उजवीकडं दवाखान्यात. कामगार मला 'नर्सम्मा' म्हणायचे. दादाला ते 'मेस्त्री' म्हणायचे आणि त्याच्यासाठी जीव टाकायचे.

आता शेडमधलं काम सांगते. लोखंड गंजू नये म्हणून खऱ्या रंगाच्या आधी त्याला एक लाल हात द्यायचा. लाल भुकटी जवसाच्या उकळलेल्या तेलात कालवायची आणि ब्रशनं लोखंडावर चढवायची. ती भुकटी म्हणजे शेंदूर. शेंदरासारखी काहीतरी नव्हे, शेंदूरच. आपण मारुतीला तेलात खलून लावतो तोच. मिरजेत आमच्या गल्लीतल्या मारुतीवर वर्षानुवर्षं चढून बोटबोट जाड झालेला असायचा, तोच. दादानं मद्रासला पहिल्यांदा ते पिंप उघडलेलं बघितलं तेव्हा त्यानं म्हणे आधी हात जोडले, मग हात घातला.

आणि हात घातला म्हणजे खरोखर घातला. काठीनं कालवलं तर गुठळ्या राहतात असं तो म्हणायचा. अर्ध्या कापलेल्या पिंपात भुकटी ओतायची, तेलाची धार धरायची आणि कोपरापर्यंत हात बुडवून कणीक मळावी तसं मळायचं. पायांत चपला नाहीत, तोंडानं बडबड नाही. देवाचा शेंदूर कालवताना आपल्याकडं जी शिस्त, ती त्यानं जशीच्या तशी त्या शेडमध्ये आणली. बारा जणांना त्यानं तसंच शिकवलं. एकानं एकदा हाताला फडकं गुंडाळलं तर दादा त्याच्यावर खेकसला, "शेंदराला फडक्यातून हात लावतोस? देव आहे तो!" बिचाऱ्यानं फडकं काढून टाकलं.

शेडच्या कोपऱ्यात दादानं एक दगड मांडला होता. दर शनिवारी काम सुरू व्हायच्या आधी पिंपातला ताजा शेंदूर त्या मारुतीला लावायचा, मग प्रत्येकाच्या कपाळाला टिळा, मग नारळ फोडायचा आणि खोबरं-गूळ त्याच लाल हातांनी बारा तळव्यांवर ठेवायचा. ते खोबरंसुद्धा लाल दिसायचं. सगळे भक्तिभावानं खायचे. मीही खाल्लं आहे. शनिवारी मी मुद्दाम शेडमध्ये जायची.

मॅनेजरला हे सगळं भारी आवडायचं. नारळ कारखान्याकडून. वर दुपारी रंगाच्या शेडला प्रत्येकी एक पेला ताक, ज्याला तिथं मोर म्हणतात, तेही कारखान्याकडून. भुकटीनं घसा कोरडा पडतो म्हणून. मॅनेजर पाहुण्यांना हे कौतुकानं सांगायचा, आम्ही आमच्या माणसांची कशी काळजी घेतो बघा. आणि हे ताक प्यायचं कुठं? तिथंच, शेडमध्ये, जमिनीवर बसून, लाल हातांनी. नळ एकच होता, तो पार गेटाजवळ. जेवणाच्या सुट्टीत तिथवर जाऊन रांगेत उभं राहून यायचं तर सुट्टीच संपायची. मग माणसं पायजम्याला हात पुसायची आणि डबा उघडायची. साबण हा शब्द मी त्या कारखान्यात फक्त मॅनेजरच्या केबिनमागच्या मोरीत वाचला, वडीच्या पाठीवर.

दवाखान्यात मी आल्यापासून रंगाच्या शेडमधली माणसं पोट धरून यायची. आतडी पिळवटून निघताहेत असं दुखायचं. दोन-दोन, तीन-तीन दिवस शौचाला नाही. चेहरे पिठासारखे. डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे. पोट दाबायचे आणि वहीत लिहायचे : अजीर्ण. औषध : एरंडेल. बारा माणसांना बारमाही अजीर्ण! बाकी कारखान्यात तीच भाजी, तोच रसम भात खाणारी शेकडो माणसं होती, त्यांना नाही, ह्यांनाच. मला तेव्हाच विचारायला हवं होतं. मी एरंडेल मोजून देत राहिले. माझी ती चूक मी पदरात घेते. नर्सिंगची परीक्षा पास झालेली बाई, मला शेंदराचा संशय आला नाही, कारण मीही त्याच गल्लीतली. शेंदूर विषारी असतो हे मला सांगितलं असतं तर मी सांगणाऱ्यालाच पाप लागेल म्हणाले असते.

मग दादाची पाळी आली. पोटदुखी त्याला आधीपासून होती, तो लपवायचा. पण हात लपवता येईना. तयार सांगाड्यांवर नंबर आणि अक्षरं काढायचं काम दादाच करायचा, ते दुसऱ्या कुणाला द्यायचाच नाही. एक दिवस मी शेडमध्ये गेले तर तो डाव्या हातानं उजवं मनगट खालून धरून अक्षर काढत होता. मी विचारलं तर म्हणाला, "काही नाही गं, अंगठ्याला रग लागते." पंधरा दिवसांनी घरी सकाळच्या कॉफीचा पेला त्याच्या हातात कलंडला. सगळी कॉफी धोतरावर. वहिनी म्हणाली, "अहो, लक्ष कुठंय?" दादा हसला. पण मी बघितलं होतं. त्यानं पेला धरला होता नीट, मनगटच खाली पडलं.

त्याच आठवड्यात मी कपाटातलं नर्सिंगचं जुनं पुस्तक काढलं आणि कामगारांच्या रोगांचं प्रकरण वाचलं. शाळेत हे पान आम्ही गाळलं होतं, परीक्षेला येत नाही म्हणून. शिशाची बाधा. पोटातल्या कळा, बद्धकोष्ठ, पांढरा चेहरा, हिरडीच्या कडेला काळी-निळी रेघ, आणि पुढं मनगट उचलायची ताकद जाणं. विशेषतः रंगाऱ्यांमध्ये. मी दुसऱ्या दिवशी पोट धरून आलेल्या माणसाला म्हटलं, आ कर. खालच्या दातांच्या मुळाशी पेन्सिलीनं ओढल्यासारखी रेघ. दुसऱ्याच्या, तिसऱ्याच्या तोंडात तीच. संध्याकाळी घरी दादाला आ करायला लावलं. तंबाखूनं दात काळे म्हणून आधी काही दिसेना, मग बोटानं ओठ खाली ओढला आणि दिसली.

पण शिसं आलं कुठून? लाल भुकटीत? हे विचारायला मी गुदामात गेले. तिथले स्टोअरकीपर तंजावरकडच्या मराठी घराण्यातले, पिढ्यान्‌पिढ्या इकडचे. मराठी बोलायचे पण सूर सगळा तमिळ, आणि शब्द असे जुने की ऐकताना पोथी वाचल्यासारखं वाटावं. मी त्यांना काका म्हणायची. मी विचारताच ते मला आतल्या खोलीत घेऊन गेले. कोपऱ्यात त्याच दिवशी आलेलं भुकटीचं पिंप होतं. त्याच्या अंगावर इंग्रजीत छापलेला कागद. विषारी आहे, शिसं आहे, उघड्या हातानं हाताळू नये, धूळ नाकातोंडात जाऊ देऊ नये, खाण्यापूर्वी हात धुवावेत. मी दोनदा वाचलं. शेडमध्ये शेकडो पिंपं बघितली होती मी. एकावरही हा कागद नव्हता.

"हा कागद शेडमध्ये जात नाही," काका म्हणाले. "आम्ही इथे खरवडतों. तसा हुकूम आहे. कामकरी घाबरतील म्हणून."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या बारा जणांत इंग्रजी वाचणारा एकही नव्हता! मग घाबरणार कोण होतं? आणि न वाचता येणाऱ्यांसाठी कागद खरवडायला ह्यांनी माणूस ठेवला होता, पण त्याच माणसाला साबण आणायला पाठवलं नाही. म्हणजे मॅनेजरला माहीत होतं. त्याच्या वरच्यांना माहीत होतं. दादा कोपरापर्यंत हात बुडवतो हे ते रोज येता-जाता बघत होते, आणि वर नारळ देत होते. देवाचा शेंदूर म्हणून माणसं आपणहून हात घालताहेत, मग हातमोजे कशाला, पंखा कशाला, नळ कशाला? त्यांना मारुती फुकटात मिळाला होता.

काकांनी तो कागद भिजवून अलगद सोडवला आणि माझ्या हातात दिला. नोकरीची दोनच वर्षं राहिली होती त्यांची. मी त्यांना खूप दोष देऊ शकते, देतेही, पण कागद त्यांनी दिला.

मी डॉक्टरांकडं गेले. कागद ठेवला, पुस्तक ठेवलं, हिरड्यांचं सांगितलं, दादाच्या मनगटाचं सांगितलं. कायद्यानं शिशाची बाधा दिसली की डॉक्टरनं सरकारला कळवावंच लागतं. एकदा का वहीत तो शब्द आला की इन्स्पेक्टर येणार, शेडमध्ये पंखे आणि नळ लावावेच लागणार, आणि बाधा झालेल्याला त्या कामावरून हलवावंच लागणार. दादाचा हात अजून वेळेत होता. पुस्तकात लिहिलं होतं की विष थांबलं तर ताकद परत येते. मला फक्त तो एक शब्द वहीत हवा होता.

डॉक्टरांनी पुस्तक मिटलं. म्हणाले, "सिस्टर, तुमचं काम पट्ट्या बांधायचं. रोग ओळखायचं काम माझ्यावर सोडा." आणि दादाच्या नावापुढं लिहिलं : संधिवात.

संधिवात! हिरडीला संधिवात झाला होता का? मी तिथं काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. बाहेर कंपाउंडर उभा होता, त्यानं नंतर आठवडाभर मला वाकून नमस्कार केला.

घरी येऊन मी दादाला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "वेडी आहेस. शेंदूर कधी विष असतो का?" मी कागद वाचून दाखवला. म्हणाला, "साहेब लोकांचा कागद तो. त्यांना काय कळतं शेंदराचं?" मी म्हटलं, अरे, बनवला त्यांनीच! तर जेवण टाकून उठला. वहिनीनं देवघरातली शेंदराची वाटी मुकाट्यानं उचलली आणि पुरचुंडी बांधून कपाटावर टाकली. ती कारखान्यातलीच भुकटी होती. मीच आणत होते दर महिन्याला, पुडीत बांधून.

मग मी फॅक्टरी इन्स्पेक्टरला पत्र लिहिलं. खाली माझं नाव घातलं, स्वच्छ अक्षरात. निनावी पत्र केराच्या टोपलीत जातं एवढी अक्कल मला होती. एग्मोरच्या पोस्टात जाऊन रजिस्टर केलं. महिनाभर काहीच झालं नाही. त्या महिन्यात दादा रोज शेंदूर कालवत राहिला, आता डाव्या हातानं, आणि मी रोज त्याच्याबरोबर बसमध्ये बसत राहिले. मी त्याला नोकरी सोड म्हटलं, पाया पडले, रडले. त्याचं एकच, "माझी माणसं टाकून कुठं जाऊ?"

इन्स्पेक्टर येणार हे मॅनेजरला चार दिवस आधी कळलं. कसं कळलं ते देव जाणे, आणि देवापेक्षा कचेरीतले शिपाई जास्त जाणत असतील. चार दिवसांत शेडला चुना लागला. दोन टेबलपंखे आले. नवे कोरे रबरी हातमोजे आले, घड्या न मोडलेले. शेडच्या दारात बादली, तांब्या आणि साबणाची वडी मांडली गेली. मॅनेजरनं दादाला केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली. सतरा वर्षांत पहिल्यांदा. त्याला सांगितलं की तुझ्या बहिणीच्या पत्रानं शेड बंद पडेल, बारा घरांच्या चुली विझतील, आता सगळं तुझ्या तोंडी आहे. दादा बाहेर आला तो माझ्याशी बोलेचना. बसमध्येही दुसऱ्या बाकावर बसला.

इन्स्पेक्टर तरुण होता, तमिळ, कमी बोलणारा. हातात वही. मॅनेजर, डॉक्टर आणि मी त्याच्या मागं. बारा माणसं मोजे घालून ओळीनं उभी, नाटकात उभी करावीत तशी. सगळ्यांच्या पुढं दादा. इन्स्पेक्टरनं त्याला विचारलं, पोटात दुखतं का? दादा म्हणाला, "नाही, सार." हातापायांत कमजोरी? "नाही, सार." मोजे रोज असतात का?

"रोज असतात, सार," दादा म्हणाला.

मला वाटलं, आत्ता इथं जमीन फाटली तर बरं. ज्याच्यासाठी मी हा सगळा खटाटोप केला तोच माणूस सरळ उभा राहून खोटं बोलत होता. मॅनेजरच्या चेहऱ्यावर कसलं समाधान पसरलं! डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. इन्स्पेक्टरनं वही मिटायला घेतली. मी विचार केला नाही. विचार केला असता तर बोलले नसते, चौदा वर्षांनी मोठा भाऊ तो, आजवर त्याला मी उलट उत्तर दिलं होतं पण हुकूम कधी केला नव्हता. मी मराठीत ओरडले, "दादा, मोजे काढ! दोन्ही हात पुढं कर. तळवे खाली. बोटं ताठ!"

मराठी कुणालाच कळलं नव्हतं, सूर सगळ्यांना कळला होता. दादानं माझ्याकडं असं बघितलं की आजही आठवलं की मान खाली जाते. मग त्यानं मोजे काढले. उजवा मोजा त्याला दातांनी ओढावा लागला. आणि त्यानं दोन्ही हात पुढं केले.

डावा राहिला. उजवा मनगटातून खाली पडला आणि लोंबकळत राहिला. दादा तो उचलायचा प्रयत्न करत होता. मानेच्या शिरा फुगल्या, कपाळावर घाम आला, दात आवळले गेले, पण बोटं जमिनीकडंच. शेवटी त्यानं डाव्या हातानं ते मनगट उचलून धरलं, आणि सोडलं, आणि ते पुन्हा पडलं.

इन्स्पेक्टर वही उघडून ओळीतल्या पुढच्या माणसाला म्हणाला, "नीट्टु." पुढं कर. त्यानं केले. मग त्याच्या पुढच्यानं. आणखी तिघांची मनगटं झुकली, कुणाचं थोडं, कुणाचं जास्त. मग त्यानं एकेकाचा ओठ खाली ओढून हिरड्या बघितल्या. बारातल्या नऊ जणांच्या तोंडात रेघ होती. डॉक्टर तोवर बाहेर जाऊन सिगारेट ओढत होते. मी पिशवीतून तो पिंपावरचा कागद काढून इन्स्पेक्टरला दिला. मॅनेजर म्हणाला की हा कागद त्यानं जन्मात बघितला नाही. मी त्याच्या तोंडावर हसले. हसू येण्यासारखं काही नव्हतं, पण हसले.

त्यानंतर व्हायला हवं होतं ते झालं. भिंतीत हवा बाहेर खेचणारा मोठा पंखा बसला. शेडला लागून चार नळ आले, साबण आला, जेवायला वेगळी खोली आली. भुकटी झाकणाच्या पिंपात लोखंडी दांड्यानं कालवायची, हातानं नाही, असा नियम भिंतीवर तमिळमध्ये लागला. माणसांची दर महिन्याला तपासणी. सगळं बसवायला तीन आठवडे लागले. तीन आठवडे! सतरा वर्षं जे जमत नव्हतं ते तीन आठवड्यांत जमलं. मॅनेजरला न्यायालयात दंड झाला, तो कारखान्यानं भरला, आणि पुढं त्याची बढती होऊन तो अड्यारच्या बंगल्यात राहायला गेला. डॉक्टरांनी दुसरा कारखाना धरला. माझी नोकरी गेली, शिस्तभंग म्हणून. मला एका इस्पितळात दुसरी मिळाली, त्याचं मला दुःख नाही.

दादाला गेटवर बसवलं, येणाऱ्या-जाणाऱ्यांवर लक्ष ठेवायला. मी त्याच्या मनगटाला लाकडी पट्टी बांधायची आणि रोज सकाळी बोटं एकेक करून वर उचलायला लावायची. सहा महिन्यांनी पेला धरता यायला लागला. पण ब्रश नाही. अक्षर तर नाहीच.

आणि माझ्याशी तो बोलायचा नाही. हो-नाही एवढंच. मी मनातून त्याला भित्रा ठरवलं होतं. मॅनेजरच्या एका खुर्चीत विकला गेला म्हणून. एका रविवारी सकाळी पट्टी सोडताना माझ्या तोंडून ते बाहेर पडलंच. "एवढा घाबरलास त्या माणसाला? हात गेला तरी खोटं बोललास?"

दादा बोटांकडं बघत म्हणाला, "त्याला कोण घाबरतंय. मी खरं बोललो असतो, तर पुढचा प्रश्न आलाच असता, त्या बारा जणांना हातानं कालवायला शिकवलं कुणी? दर शनिवारी त्यांच्या तळहातावर ते लाल खोबरं ठेवलं कुणी? एकाला हातावरचं फडकं मी काढायला लावलं होतं गं."

मी म्हटलं, "तुला माहीत नव्हतं, दादा. ज्यांना माहीत होतं ते—"

"त्यांचं ते बघतील," तो म्हणाला. "चल, छत्री घे. पत्ते मला माहीत आहेत. माझं तमिळ अपुरं पडेल तिथं तू सांग."

त्या रविवारी दुपारी आम्ही चार घरी गेलो. पुढच्या तीन रविवारी उरलेल्या आठ. प्रत्येक दारात दादानं आधी तो लोंबणारा हात पुढं करून दाखवला आणि मग घरच्या माणसांसमोर सांगितलं की ते विष होतं, मी तुमच्या माणसाला ते हातानं कालवायला लावलं, मला क्षमा करा. कुणी रडलं, कुणी कॉफी दिली. एका घरी त्या माणसाच्या बायकोनं दार लावून घेतलं. दादा दारापुढं उभा राहून दाराला सांगून आला.

मॅनेजर एकाही घरी गेला नाही, डॉक्टर गेला नाही, मालक तर त्या गल्ल्या असतात हेही जाणत नसतील. बारा घरी क्षमा मागायला गेला तो एकटा माझा दादा.